हंगामात आलेलं मूल वर्गात रुळवायचं कसं: प्रवेशापासून निरोपापर्यंत

दिवाळीची सुट्टी संपते, कारखान्यांचे गाळप हंगाम सुरू होतात आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर या पट्ट्यातल्या जिल्हा परिषद शाळांच्या दारात बीड, जालना, परभणीकडून ऊसतोडीला आलेल्या मजुरांची मुलं येऊन उभी राहतात. पुढचं ठरलेलंच असतं. परिपाठात गुलाबाचं फूल, मोबाइलवर फोटो, शिक्षकांच्या ग्रुपवर पोस्ट. दुसऱ्या दिवशी वाचनाची चाचणी, तिसऱ्या दिवशी शेवटच्या बस्करपट्टीवर जागा. पंधरवड्यात मूल येईनासं होतं आणि ऑफिसात निकाल लागतो, "ही पोरं टिकतच नाहीत."

ऊसतोड मजुरांची टोळी हलते म्हणून काही मुलं जातात, ते आपल्या हातात नाही. पण टोळी तिथंच असताना मूल कोपीवर (मजुरांच्या तळावरच्या झोपडीवर) बसून राहतं तेव्हा बहुतेक वेळा आपला क्रम चुकलेला असतो. आधी नाव, मग जागा, मग सोबती, मग काम आणि त्यानंतर अभ्यास. आपण नेमकं शेवटच्यापासून सुरू करतो. खालचे टप्पे तिसरी ते सातवीच्या वर्गशिक्षकांना धरून लिहिले आहेत. वीटभट्टीवरची, बांधकामावरची किंवा बदलीमुळं मध्येच आलेली मुलं असतील तरी क्रम हाच ठेवा.

पूर्वतयारी: मूल येण्याच्या आधी

ऑक्टोबरच्या शेवटी तीन गोष्टी हाताशी ठेवा.

कागद. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम ५ प्रमाणे दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही आणि कलम १५ प्रमाणे मुदत टळली म्हणूनही नाही. हे मुख्याध्यापकांशी आधीच बोलून घ्या, म्हणजे दारात उभ्या असलेल्या मुलासमोर "दाखला कुठाय?" हा संवाद होणार नाही. मुलाकडं शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या मुलांना मूळ शाळेतून मिळणारं) असेल तर त्यावरून मूळ शाळेचा पत्ता लागतो. नसेल तर गावाचं आणि गुरुजींचं नाव विचारून घ्या. पोर्टलवरची नोंद नंतर होईल, मूल वर्गात आज बसेल.

साहित्य. दोन-तीन पाठ्यपुस्तकांचे संच (मागच्या वर्षीचे चालतील), वह्या, पेन्सिली आणि जेवणाचं एक ताट जास्तीचं काढून ठेवा. ताट विसरतं. मग पहिल्याच दिवशी मूल इतरांचं जेवण होईपर्यंत ताटासाठी थांबतं.

वर्ग. आहेत त्या मुलांना दोन दिवस आधी सांगा, पण एवढंच: "आपल्या वर्गात नवीन मुलं येणार आहेत, चार-पाच महिने आपल्यासोबत शिकणार आहेत." गरीब, बिचारे, ऊसतोड्यांची हे शब्द तुमच्या तोंडून गेले तर ते सुट्टीत दुप्पट होऊन मैदानावर ऐकू येतील.

> तपासा: मुलींच्या स्वच्छतागृहाची किल्ली कुणाकडं असते हे वर्गातल्या प्रत्येक मुलीला माहीत आहे का? नव्या मुलीला विचारायची लाज वाटते. ती दुपारी घरी जाते आणि परत येत नाही.

टप्पा १: नाव आणि हजेरी (पहिला दिवस)

आई-वडिलांना किंवा सोबत आलेल्या मोठ्या भावंडाला विचारा, घरी काय म्हणून हाक मारता. मग मुलाला विचारा, तुला वर्गात काय म्हटलेलं आवडेल. तेच नाव वापरा. "बीडवाला", "नवी पोरगी", नुसतं आडनाव, यातलं काहीही नको. शिक्षक आडनावानं हाक मारायला लागला की वर्ग जात मोजायला लागतो, हे आपल्याला सांगायला नको.

आता हजेरी. बऱ्याच शाळांत हंगामी मुलांची यादी वेगळ्या कागदावर असते. पटावरची नावं संपतात, शिक्षक क्षणभर थांबतात, कागद शोधतात आणि म्हणतात, "हां, आणि नवीन मुलं." रोज सकाळी सगळ्या वर्गासमोर आपण त्या मुलाला सांगतो की तू पटाबाहेरचा आहेस. कार्यालयीन नोंद मुख्याध्यापक सांगतील तशी ठेवा, पण पुकारताना ते नाव मधे घ्या. सोपा उपाय म्हणजे नाव पेन्सिलीनं हजेरीपत्रकाच्या समासात, ज्या दोन नावांच्या मधे घ्यायचं तिथं लिहून ठेवायचं.

स्वागत करायचंच असेल तर सगळ्या वर्गाकडून आपापलं नाव सांगून घ्या, नव्या मुलाचं त्यातच येऊ द्या. एकट्याला पुढं उभं करू नका.

> सावध: फोटो काढून "स्थलांतरित विद्यार्थ्यांचे स्वागत" म्हणून टाकू नका. पाचवीतल्या मुलाला तो मथळा वाचता येतो.

टप्पा २: जागा

जागा मुलाला निवडायला सांगू नका, ते मागंच बसेल. दुसरी किंवा तिसरी ओळ, तुम्ही फिरता त्या वाटेच्या कडेला. तिथं तुम्हाला वही सहज पाहता येते आणि मुलाला सगळ्यांच्या नजरा पाठीवर घेऊन बसावं लागत नाही.

एकाच टोळीतली दोन मुलं एका वर्गात आली तर पहिले दोन-तीन दिवस शेजारी बसू द्या. मग एकाच ओळीत ठेवून मधे एक-दोन मुलं आणा. पहिल्याच दिवशी ताटातूट केली तर दोघंही गप्प होतात. आणि शेवटपर्यंत जोडी ठेवली तर त्यांचा वर्गातच वेगळा तळ पडतो.

ती जागा कायम राहू द्या. मूल चार दिवस आलं नाही तरी तिथं दुसरं कुणी बसणार नाही, हे वर्गाला सांगून ठेवा. याचं कारण टप्पा ७ मध्ये आहे.

टप्पा ३: सोबती

इथं हमखास होणारी चूक म्हणजे वर्गातला हुशार मुलगा किंवा मॉनिटर सोबती म्हणून देणं. तो दोन दिवसांत छोटा गुरुजी होतो, चुका काढतो आणि तुमच्याकडं चाड्या घेऊन येतो. बोलकं, खेळकर, अभ्यासात मध्यम आणि स्वतः कधीतरी एकटं पडलेलं मूल शोधा. ते जास्त चांगलं निभावतं.

सोबती एक नको, दोन नेमा. एक वर्गातला, एक मधल्या सुट्टीतला. एकाला ताप आला म्हणून नव्या मुलाचा दिवस वाया जायला नको. सहावी-सातवीत मुलींना मुलीच द्या.

सोबत्याला बाजूला घेऊन काम नेमकं सांगा. "तिची काळजी घे" यातून दहा वर्षांच्या मुलाला काही कळत नाही. असं सांगा:

- पाण्याची टाकी, स्वच्छतागृह, ताटं धुवायची जागा दाखवायची, आणि दाखवताना सोबत जायचं.
- जेवायला शेजारी बसायचं.
- कुठली वही काढायची ते हळू आवाजात सांगायचं.
- तिनं आपणहून सांगितल्याशिवाय घरचं काही विचारायचं नाही.

दर पंधरा दिवसांनी सोबती बदला. एकाच मुलाच्या गळ्यात ही जबाबदारी राहिली तर त्याला कंटाळा येतो आणि तो कंटाळा नव्या मुलाला दिसतो.

> तपासा: तिसऱ्या-चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत दहा मिनिटं व्हरांड्यात नुसते उभे राहा. पंगतीत नव्या मुलाच्या दोन्ही बाजूंना कोण आहे? एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला धाकटं भावंड दिसलं तर टप्पा ३ अजून झालेला नाही. पंगत नावाच्या क्रमानं किंवा गटानं बसवायला लागा, आवडीनं बसू देऊ नका. वाढणाऱ्या मुलांची पाळीही फिरती ठेवा आणि त्यात नवं मूल घ्या. जेवणाच्या जागी कोण कुणाला वाढतं यावर गावातलं बरंच काही ठरतं, म्हणून ही पाळी टाळू नका.

टप्पा ४: काम (पहिल्या आठवड्याच्या शेवटी)

वर्गात आपल्यावाचून काहीतरी अडतं, असं वाटलं की मूल सकाळी उठून येतं. म्हणून एक काम द्या, रोजचं आणि सगळ्यांना दिसणारं. फळ्यावर दिनांक, वार आणि पट लिहिणं. वाचनपेटीतल्या पुस्तकांची देवघेव वहीत नोंदवणं. तासाची घंटा देणं. लिहिता येत नसेल तर घंटा किंवा खेळाच्या साहित्याची मोजदाद.

झाडलोट, पाणी भरणं, खुर्च्या उचलणं, दुकानातून काही आणणं ही कामं या मुलांना एकट्याला कधीही देऊ नका. "त्याला सवय आहे, पटकन करतो" हे वाक्य मी अनेक शाळांत ऐकलं आहे. त्याला सवय आहे म्हणूनच द्यायचं नाही. ही कामं करायची असतील तर पाळीनं सगळा वर्ग करेल.

आणखी एक मोह आवरा. "ऊस कसा तोडतात ते सांग बरं सगळ्यांना" हा कार्यक्रम पहिल्या महिन्यात नको. मुलाला वर्गात विद्यार्थी म्हणून यायचं असतं, नमुना म्हणून नाही. पुढं गणितात वजन-मापं चालू असताना मोळीचा विषय निघाला आणि ते आपणहून बोललं तर छान, बोलू द्या. मोळी बांधायची गाठ त्याच्याइतकी वर्गात कुणालाच येणार नाही. आई-बापाची मजुरी, उचल (हंगामाआधी आगाऊ घेतलेले पैसे), कर्ज यांवर उदाहरणं मात्र घालू नका.

टप्पा ५: कोपीवर भेट (पहिल्या दहा दिवसांत)

पालकांना शाळेत बोलावू नका, ते येऊ शकत नाहीत. पहाटे अंधारात फडात जायचं, खाडा झाला तर पैसे कापले जायचे, अशी त्यांची स्थिती. तुम्ही जा. संध्याकाळी चुली पेटतात तेव्हा किंवा आठवडी बाजाराच्या दिवशी. वेळ मुकादमाला, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराला, फोन करून विचारून घ्या. तो नंबर पुढंही लागणार आहे.

जाताना खाऊ, जुने कपडे असं काही नेऊ नका. ताई, मावशी, भाऊ, जे तुमच्या तोंडी येत असेल ते म्हणा. बसायला पोतं टाकलं तर बसा, चहा दिला तर घ्या. उभ्या उभ्या वहीत नोंदी करणारा माणूस त्यांना सर्व्हेवाला वाटतो. बोलण्याची सुरुवात मुलाच्या एखाद्या चांगल्या गोष्टीनं करा आणि ती खरी असू द्या: "काल हिनं घंटा बरोबर वेळेवर दिली." मग एवढंच विचारा: दिवसा कोपीवर कोण असतं, धाकट्याला कोण सांभाळतं, शाळेच्या वाटेवर ट्रॅक्टरचा रस्ता ओलांडावा लागतो का, टोळी इथं किती दिवस आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा "हीच सांभाळती" असं येतं. शाळा सोडायचं खरं कारण तेच असतं. अशा वेळी मुलीला "भावाला आणू नको" म्हणालात तर ती स्वतःही येणार नाही. जवळच्या अंगणवाडी ताईंशी बोलून धाकट्याची सोय तिथं लावा. ती होईपर्यंत आठ-दहा दिवस लेकरू वर्गात बसलं तरी चालवून घ्या. थोडा गोंधळ होईल.

> सावध: कोपीत लाइट नसते. लेखी गृहपाठ देऊन सकाळी "का केला नाहीस?" विचारू नका. शाळा सुटण्याआधी पंधरा मिनिटं वर्गातच करून घ्या, सगळ्यांकडूनच.

टप्पा ६: बोली आणि अभ्यास

मूल "काय करायलाव" म्हणतं आणि वर्ग खिदळतो. बंजारा मूल आईला याडी म्हणतं, पुन्हा खिदळतो. या हसण्यावर लगेच ओरडू नका. ओरडलात तर हसणं मैदानावर जातं. त्याऐवजी त्याच आठवड्यात एका तासाला फळ्यावर चार-पाच वस्तू लिहा आणि प्रत्येकाला घरी काय म्हणतात ते विचारा. भाजीला कुणी कालवण म्हणेल, कुणी कोरड्यास, कुणी आणखी काही. गावातल्या मुलांच्या घरातही दोन-तीन शब्द निघतातच, त्यामुळं नवं मूल एकटं उघडं पडत नाही. तो तक्ता भिंतीवर राहू द्या, शब्द वाढवत जा.

बोलताना पहिला महिनाभर उच्चार किंवा शब्द दुरुस्त करू नका. प्रमाण भाषा वहीत शिकवा. तोंडी उत्तर बरोबर असेल तर ते बरोबर, कुठल्याही बोलीत असलं तरी.

आता पातळी तपासणं. दुसऱ्या आठवड्यात, त्याआधी नाही. घाबरलेलं मूल येत असलेलंही वाचत नाही आणि मग तुमच्या नोंदीत "अक्षरओळख नाही" असं कायमचं बसतं. बाकीच्यांना लेखनाचं काम देऊन याच्याजवळ खाली बसा. जे नक्की येईल तिथून सुरू करा: स्वतःचं नाव, १०० पर्यंत मोजणी. मग शब्द, मग दोन-तीन ओळींचा उतारा, मग बेरीज आणि हातच्याची वजाबाकी. अडलं की तिथं थांबा. "एवढं छान जमलं, बाकीचं आपण करू" म्हणून उठा. सगळं दहा मिनिटांत आटपतं.

पाचवीतल्या मुलासमोर दुसरीचं पुस्तक ठेवायची चूक फार होते. मुखपृष्ठ सगळ्यांना ओळखू येतं. तोच मजकूर सुट्या चिठ्ठ्यांवर किंवा कार्डांवर लिहून द्या आणि तशीच कार्डं वर्गातल्या इतर चार कच्च्या मुलांनाही द्या. कायद्यानं मूल वयानुरूप वर्गातच बसणार आहे (कलम ४) आणि मागं पडलेलं भरून काढायला त्याला विशेष प्रशिक्षणाचा हक्क आहे. म्हणून त्याला सोयीसाठी खालच्या वर्गात पाठवणं बंद करा.

> तपासा (महिन्यानं): प्रत्येक मुलाला चिठ्ठीवर तीन नावं लिहायला सांगा: "पुढच्या उपक्रमात तुला कुणासोबत काम करायला आवडेल?" चिठ्ठ्या कुणालाही दाखवू नका. नव्या मुलाचं नाव एकाही चिठ्ठीवर नसेल तर टप्पा ३ वर परत जा. "कुणासोबत आवडणार नाही?" हा प्रश्न कधीही विचारू नका. आणि चिठ्ठ्या वाचताना गावातलंच एखादं मूल कुणाच्याच यादीत नाही असं दिसलं, तर त्याच्यासाठीही हेच टप्पे सुरू करा. असं मूल बहुतेक वर्गांत निघतं.

टप्पा ७: गैरहजेरी आणि चिडवाचिडवी

ही मुलं मध्येच गैरहजर राहणार: आई आजारी, बैल आजारी, वाढे (उसाचे शेंडे) विकायला जायचंय. परत आल्यावर पहिलं वाक्य "कुठं होतास इतके दिवस?" असू नये. "बरं झालं आलास, घंटा अडली होती" असं म्हणा आणि ते खरं असू द्या, म्हणजे त्याच्या गैरहजेरीत ते काम कायमचं दुसऱ्याला देऊ नका. जागा रिकामी असते, वही कपाटात असते, मूल येऊन बसतं. शाळा तुटत जाते ती या परत येण्याच्या सकाळी. पहिल्याच दिवशी टोळीतल्या मुलाबरोबर निरोप धाडा, सलग तीन दिवस आलं नाही तर स्वतः जा.

चिडवणं झालं तर दोघांशी वेगवेगळं बोला. वर्गासमोर "सॉरी म्हण" लावलं की चिडवणारा सॉरी म्हणतो आणि गेटबाहेर वचपा काढतो. चिडवणाऱ्याला त्याच मुलासोबत एका कामावर घाला, दोन बाजूंनी धरल्याशिवाय होत नाही असं काम: मैदान आखणं, तक्ता लावणं. अंगाच्या वासावरून, कपड्यांवरून चिडवत असतील तर नव्या मुलाला स्वच्छतेचा उपदेश करू नका. तळावर पाणी कुठून येतं ते तुम्ही पाहिलेलं आहे. शाळेच्या नळावर साबण ठेवा आणि परिपाठाआधी हात-तोंड धुणं सगळ्या वर्गाला लावा.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही बंदी आहे. शिक्षकानं मारलेला टोमणा त्यात येतो.

टप्पा ८: निरोप

हा टप्पा जवळजवळ सगळीकडं राहून जातो. फेब्रुवारीनंतर कधीतरी पट्टा पडतो म्हणजे कारखान्याचा हंगाम संपतो, टोळी रातोरात ट्रॅक्टरवर सामान चढवते आणि सकाळी मूल नसतं. पाच महिन्यांचा अभ्यास आणि नोंदी आपल्या कपाटात राहतात. गावाकडच्या गुरुजींच्या लेखी ते मूल पाच महिने शाळेतच नसतं.

जानेवारी संपता संपता मुकादमाला अंदाज विचारा. मग एका फाइलमध्ये हे घाला: इथली हजेरी, मूल्यमापनाच्या नोंदी, मुलाच्या हातच्या वहीची चार पानं, काय येतं आणि कुठं अडतं याच्या पाच-सहा ओळी, शाळेचा फोन नंबर. एक प्रत पालकांच्या हाती द्या, एकीचा फोटो मूळ शाळेला पाठवा. फाइल आधीच तयार हवी, कारण निघायची तारीख ऐनवेळी कळते.

वर्गाकडून निरोप साधाच ठेवा. प्रत्येकानं एका कागदावर एक ओळ लिहायची आणि नवं मूलही वर्गासाठी एक ओळ लिहून ठेवेल. ती भिंतीवर लावा.

टोळी गेल्यावर आठ-दहा दिवसांनी मूळ शाळेत फोन करा आणि मूल पोचलं का, वर्गात बसतंय का, एवढंच विचारा. बसत नसेल तर तिथल्या वर्गशिक्षकांना हा लेख टप्पा १ पासून वाचायला सांगा, कारण पाच महिन्यांनी स्वतःच्या गावातल्या वर्गातही ते नवंच असतं. तिथं त्याची जागा गेलेली असते आणि जुन्या सोबत्याला दुसरा सोबती मिळालेला असतो. मूल पोचलंच नसेल तर मुकादमाला आणि केंद्रप्रमुखांना त्याच दिवशी कळवा. टोळी कदाचित दुसऱ्या कारखान्यावर गेली असेल, मग फाइल तिथल्या शाळेकडं पाठवायची.